पानं मोजायला भाड्याची फिशआय लेन्स: वापरून झाली, आता रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येते. बॉटनी नाहीतर एन्व्हायर्न्मेंटल सायन्सचं डिझर्टेशन चाललंय, गाइडने सांगितलंय की जंगलाचा लीफ एरिया इंडेक्स काढून आणा आणि डिपार्टमेंटकडे तो मोजायचं लाखांतलं मशीन नाही, अशी परिस्थिती असेल तर अंधेरीतून फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि सर्क्युलर फिशआय लेन्स, म्हणजे अख्खं आकाश एका गोल फोटोत घेणारी, भाड्याने घ्या, पावसाळ्यात घ्या आणि ऑटो मोडला हात लावू नका. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक स्टार कुठे गेला ते खाली कळेलच, त्यात दुकानाचा दोष थोडा आणि सागाचा-बांबूचा जास्त.

ज्यांना हा इंडेक्स काय प्रकार आहे माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: जमिनीचा एक चौरस मीटर तुकडा घ्या, त्याच्या डोक्यावरची सगळी पानं तोडून सपाट, शेजारी शेजारी मांडली तर किती चौरस मीटर भरतील, तो आकडा. पानाची एकच बाजू धरायची. तीन आला तर जमिनीच्या तिप्पट पान. ही व्याख्या १९४७ सालची, डी. जे. वॉटसन म्हणून इंग्लंडमध्ये पिकांवर काम करणारे शास्त्रज्ञ होते त्यांची. पिकाचं ठीक आहे हो, कापलं, पसरलं, मोजलं, पण बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला साग कोण कापून देणार तुम्हाला, म्हणून मग खालून वर बघायचं, पानांच्या फटींतून आकाश किती दिसतंय ते मोजायचं आणि त्यावरून पान किती असेल ते काढायचं. झाड किती सावली देतं, किती पाणी हवेत सोडतं, पावसाचं किती पाणी पानांवरच अडतं, ह्या सगळ्या हिशोबात हा आकडा लागतो. मुंबईत झाडांवरून भांडणं होतात तेव्हा दोन्ही बाजू झाडांची संख्या सांगतात, हजार तोडली हजार लावली, पण हजार रोपांची पानं आणि हजार जुन्या झाडांची पानं यांची बरोबरी कशी होणार ते कोणी विचारत नाही. असो, तो वेगळा विषय, त्यावर बोलायला लागले तर लेन्स राहून जाईल.

आधी दुकान. नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी तक्रार पण आहे. अंधेरी वेस्टला कॅमेरे भाड्याने देणारी दुकानं चिक्कार आहेत, सिरियलवाले, जाहिरातवाले, लग्नाचे फोटोवाले यांच्या जिवावर चालतात, आणि आपल्या कॉलेजवाल्यांना हे ठाऊकच नसतं, आपण बसतो ग्रँटची वाट बघत. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, म्युझिक व्हिडिओ का?" म्हटलं नाही रे, झाडांची पानं मोजायचीत. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "मग ड्रोन घ्या ना, वरनं सगळं दिसेल." आता हा प्रश्न काही बावळट नाही, माझे विद्यार्थीपण हेच विचारतात. पण वरून बघितलं की पान पण गडद आणि खालची सावलीतली जमीन पण गडद, फट कुठली ते कळत नाही, शिवाय खालचे थर वरच्या पानांनी झाकलेले. खालून बघितलं की पान काळं आणि आकाश पांढरं, सरळ सरळ फरक. आणि मुंबईत ड्रोनची परवानगी काढण्यापेक्षा पानं हाताने मोजलेली परवडली.

तक्रार ही की त्यांनी पहिल्यांदा जी लेन्स काढून दिली ती डायगोनल फिशआय होती. फिशआय म्हणून सगळ्या सारख्या नसतात, हे नीट वाचा, इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. डायगोनल फिशआयमध्ये अख्खी फ्रेम भरते आणि १८० अंश फक्त कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मिळतात, बाजूचं आकाश कापलं जातं. आपल्याला हवी सर्क्युलर, जिच्यात काळ्या फ्रेमच्या मधोमध गोल चित्र येतं आणि त्या गोलात डोक्यावरून चहूबाजूंच्या क्षितिजापर्यंत सगळं येतं. व्हिडिओवाल्यांना तो काळा कडेचा भाग नको असतो म्हणून दुकानात डायगोनलच जास्त पडून असतात आणि काउंटरवाल्याला फरक सांगितला तरी तो म्हणतो सेम टू सेम आहे मॅडम. सेम टू सेम नाहीये. मी शेवटी तिथेच कॅमेऱ्याला लावून छताचा फोटो काढून दाखवला तेव्हा आतून दुसरी आणली, कॅननची ८-१५ एमएमची, ती ८ वर ठेवली की फुल फ्रेम कॅमेऱ्यावर पूर्ण गोल देते आणि १५ वर नेली की डायगोनल होते. म्हणून ८ वर आणून रिंगवर चिकटपट्टी लावून टाका, जंगलात धक्का लागून सरकली की गोल बिघडला. आणि कॅमेरा फुल फ्रेमच घ्या, छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ८ एमएमचा गोल वर-खाली कापला जातो. छोटा सेन्सरच असेल तर सिग्माची साडेचार एमएमची सर्क्युलर लेन्स त्याच्यासाठीच बनवलेली आहे, ती शोधावी लागते पण.

लेन्स म्हणून एकदम भारी. कडेपर्यंत शार्प, कडेला जांभळी किनार जवळजवळ नाही, आणि हे आपल्या कामाला महत्त्वाचं कारण बारीक फटीच्या भोवती किनार आली की सॉफ्टवेअर गोंधळतं. त्रास एकच, पुढची काच बाहेर फुगलेली आहे, पुढून फिल्टर लागत नाही, आणि ती काच आपण आकाशाकडे तोंड करून ठेवणार, तीही पावसाळ्यात, म्हणजे झाडावरून टपकणारा प्रत्येक थेंब तिच्यावरच. एक थेंब पडला की फोटोत पांढरा फुगा. मायक्रोफायबरची फडकी भरपूर न्या, एक ओलं झालं की दुसरं. आणि एसी गाडीतून थेट बाहेर काढू नका, मुंबईच्या दमट हवेत काच क्षणात धुरकट होते आणि पुसली तरी परत होते, बॅगेतच ठेवून थोडा वेळ बाहेरच्या हवेला येऊ द्या, तोवर चहा घ्या.

एक गंमत सांगते मध्येच. ह्या लेन्सचा मूळपुरुष १९२४ मध्ये रॉबिन हिल नावाच्या माणसाने केला, ढगांचे फोटो काढायला, अख्खं आकाश एका फोटोत यावं म्हणून. हा तोच हिल, ज्याची हिल रिअॅक्शन (उजेडात पानातून ऑक्सिजन सुटतो ती क्रिया) आपण प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात घोकतो! पुढे १९५९ मध्ये इव्हान्स आणि कूम्ब यांनी त्याचाच कॅमेरा घेऊन जंगलात खालून वर फोटो काढले. म्हणजे एकाच माणसाने पानाच्या आत काय चालतं ते पण शोधलं आणि पानांच्या फटीतून आकाश बघायचं हत्यार पण देऊन ठेवलं. सिलॅबसमध्ये हे लिहीत नाहीत, का कोण जाणे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते. कॅमेरा ऑटोवर ठेवला की तो दाट झाडीखालचा अंधार बघून फोटो उजळ करतो, मग आकाश फुटतं आणि फटीच्या कडेची बारीक पानं त्या उजेडात खाऊन टाकली जातात, म्हणजे फटी मोठ्या दिसतात आणि पान कमी येतं. जितकं जंगल दाट तितका हा घोळ मोठा. यावर उपाय २००५ च्या एका पेपरमध्ये झँग, चेन आणि मिलर यांनी दिलाय आणि तो आजही चालतो: आधी बाहेर उघड्यावर जा, मोकळ्या आकाशावर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर लावा, तो आकडा घ्या, त्यापेक्षा दोन स्टॉप जास्त एक्स्पोजर ठेवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आणि मग तीच सेटिंग घेऊन झाडीत शिरा. आकाश पांढरंशुभ्र येतं, पान काळं राहतं. मात्र ढग सरकले, उजेड बदलला की परत बाहेर येऊन मीटर करा, आळस करू नका. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने काही न बदललेल्या कच्च्या फाइलमध्ये, शूट करा, कारण जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच्या मनाने उजेड-अंधाराचा समतोल बदलतो. शटर फास्ट ठेवा, पावसाळी वाऱ्यात पानं हलतात, आयएसओ थोडा वाढला तरी चालेल.

एक्स्पोजरवर एवढं का पिळतेय ते गणितावरून कळेल, आणि गणित अवघड नाहीये. १९५३ मध्ये जपानमध्ये मोन्सी आणि साएकी यांनी दाखवलं की पानांच्या थरांतून खाली येताना उजेड घातांकी पद्धतीने कमी होत जातो, रंगीत पाण्यातून जाताना होतो तसा. म्हणजे उलट्या बाजूने, फटीचं प्रमाण कळलं की त्याचा लॉग घेऊन पान काढता येतं. अडचण अशी की पानं आडवी आहेत का उभी यावर आकडा बदलतो, पण डोक्यावरून ५७.५ अंश खाली तिरकं बघितलं की पानांचा कल कसाही असो, फरक जवळजवळ पडतच नाही. त्या कोनात हिशोब एवढाच: फटीच्या प्रमाणाचा नॅचरल लॉग, चिन्ह बदलून, गुणिले साधारण १.०७. त्या पट्ट्यात दहा टक्के आकाश दिसलं तर इंडेक्स २.५, पाच टक्के दिसलं तर ३.२, एक टक्का दिसलं तर ४.९, आणि अर्धा टक्का दिसलं तर ५.७. आता बघा, पाच टक्क्यांच्या फटी ऑटो एक्स्पोजरने फुगून दहा टक्के झाल्या की ३.२ चे २.५ झाले, तुमचं जंगल बसल्या जागी विरळ! आणि खूप दाट असेल तिथे एक टक्का की अर्धा टक्का हे ठरवायला गोलातले मोजके पिक्सेल इकडचे तिकडे झाले की आकडा पाऊणने हलतो. म्हणून पाच-सहाच्या वर कोणी ह्या पद्धतीने दोन दशांशापर्यंत आकडा सांगत असेल तर हसून सोडून द्या.

वेळ कुठली निवडायची? सूर्य थेट नको. ऊन पडलं की काही पानं स्वतःच चमकतात आणि सॉफ्टवेअर त्यांना आकाश समजतं, शिवाय निळं आकाश सगळीकडे सारखं उजळ नसतं. हवं ते एकसारखं पांढरं ढगाळ आकाश नाहीतर सूर्य उगवायच्या आधीचा किंवा मावळल्यानंतरचा उजेड. आता थंड देशांतल्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की पहाटे किंवा संध्याकाळी जा, त्यांचं बरं आहे, त्यांच्याकडे संधिप्रकाश लांबतो, आपल्याकडे सूर्य सरळ खाली उतरतो आणि हातात जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, त्यात कितीसे पॉइंट होणार. आणि दुसरं म्हणजे नॅशनल पार्कात पहाट आणि तिन्हीसांजा ही बिबट्याची वेळ. शंभर चौरस किलोमीटरच्या आसपासचं जंगल, शहराच्या मधोमध, त्यात बिबटे आहेत हे सगळ्या जगाला माहीत आहे, आणि आपण तिथे ट्रायपॉडजवळ वाकून उभे, नजर खाली स्क्रीनवर. आमच्या बरोबरचे वनरक्षक दादा म्हणाले, "ताई, तुमचा उजेड चांगला असतो तेव्हा त्याचापण चांगला असतो." परवानगीतही ह्या वेळा सहज मिळत नाहीत. म्हणून मुंबईत ह्या कामाचा सीझन म्हणजे पावसाळा, जुलै-ऑगस्टमध्ये भर दुपारीसुद्धा दिवसभर ते पांढरं आकाश फुकट मिळतं, फक्त पाऊस थांबलेला असायला हवा. वन खात्याची संशोधनाची परवानगी आधीपासून काढून ठेवा, ती एका आठवड्यात होईल ह्या भ्रमात राहू नका.

पण ढगाळ हवेची एक खोच आहे आणि ही मला कुठल्याही मॅन्युअलमध्ये वाचल्याचं आठवत नाही. प्रॅक्टिस म्हणून बरेच जण कॉलेजच्या आवारातल्या नाहीतर रस्त्याच्या कडेच्या रेन ट्रीखाली फोटो काढतात, मुंबईत ही मोठ्या छत्रीची झाडं जिकडे तिकडे आहेत. आता रेन ट्री संध्याकाळ झाली की पानं मिटतं, आणि काळोख करून पावसाचे ढग आले तरी मिटतं! म्हणजे मोजायला उजेड अगदी उत्तम झाला की नेमकं त्याच वेळी झाड आपलं पान घडी करून ठेवणार. त्याच झाडाखाली उजळ ढगात आणि काळ्या ढगात काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले तर वाटेल मधल्या वेळात कोणी फांद्या छाटून गेलं. सुबाभूळ, चिंच हीपण संध्याकाळी पानं मिटणारी मंडळी. त्यामुळे असली झाडं प्लॉटमध्ये असतील तर सांजवेळ विसरा आणि उजळ ढगच धरा.

सॉफ्टवेअर फुकट मिळतं ही मोठी सोय. गॅप लाइट अॅनालायझर हे १९९९ चं आहे, कॅनडाच्या सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीचं आणि अमेरिकेतल्या एका इकोसिस्टिम इन्स्टिट्यूटचं मिळून, दिसायला अगदी जुनाट, विंडोज ९८ ची आठवण येईल, पण काम करतं. त्यात चार रिंगांचा आणि पाच रिंगांचा असे दोन इंडेक्स येतात (रिंग म्हणजे गोल फोटोतला कड्यासारखा पट्टा), पहिला डोक्यावरून ६० अंशांपर्यंतचा आणि दुसरा ७५ पर्यंतचा. मी ६० वालाच वापरते, कारण ७५ पर्यंत गेलं की पार्काच्या कडेच्या प्लॉटमध्ये फांद्यांच्या मागून कांदिवलीचे टॉवर डोकावतात आणि सॉफ्टवेअर टॉवरला पान समजतं. फ्रेंचांचं कॅन-आय आहे, ते एका वेळी बरेच फोटो घेतं आणि रंगावरून पान-आकाश वेगळं करायला देतं, शिकायला वेळ लागतो. आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर त्यात हेमिस्फेअर नावाचं पॅकेज आहे, विद्यार्थ्यांना मी आता तेच करायला लावते कारण शंभर फोटो असले तरी सगळ्यांना एकच नियम लागतो, माणसाने डोळ्याने थ्रेशोल्ड (किती उजळ ठिपक्याला आकाश म्हणायचं ती सीमा) सरकवला की सकाळचा वेगळा आणि जेवल्यानंतरचा वेगळा. फोटोचा निळा चॅनेल घ्या, निळ्या उजेडात पान सगळ्यात काळं दिसतं. आणि लेन्सचं प्रोजेक्शन बरोबर भरा, प्रत्येक फिशआय कोनाला गोलावर वेगळ्या जागी बसवते, ते डीफॉल्टवर सोडलं तर तुमचे ५७ अंश भलतीकडेच पडतील.

आता कापलेला स्टार. हे सगळं गणित धरून चालतं की पानं हवेत कशीही, कुठेही विखुरलेली आहेत. खऱ्या जंगलात तसं नसतं, पानं फांदीला, फांद्या झाडाला, पुंजक्या-पुंजक्यांनी असतात, आणि नॅशनल पार्कातली बांबूची बेटं बघा, बेटात खच्चून पान आणि दोन बेटांच्या मध्ये मोकळं आकाश. एकावर एक पान झाकलं गेलं की फट तेवढीच राहते, पान मात्र दुप्पट, म्हणून ह्या पद्धतीने येणारा आकडा खऱ्यापेक्षा कमी असतो. थोडी मलमपट्टी करता येते, गोलाचे छोटे छोटे भाग पाडायचे, प्रत्येकाचा आधी लॉग घ्यायचा आणि मग सरासरी, उलट नाही. लँग आणि शियांग यांनी १९८६ मध्ये ही युक्ती दिली, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ती आहे. तरी पूर्ण भरपाई होत नाही. दुसरी गोष्ट, कॅमेऱ्याला खोड, फांदी, पान सगळं काळंच, त्यामुळे येतो तो आकडा निव्वळ पानांचा नाहीच, झाडाच्या सगळ्या अंगाचा आहे. आपल्याकडे साग, ऐन, काटेसावर ही पानं गाळणारी झाडं आहेत म्हणून मार्च-एप्रिलमध्ये त्याच खुंटीवर ट्रायपॉड लावून नुसत्या फांद्यांचा फोटो घेता येतो, पण तो आकडा जसाच्या तसा वजा करू नका, पावसाळ्यात त्यातल्या बऱ्याच फांद्या पानांमागे लपलेल्या असतात. आणि तिसरा साग स्वतः, त्याचं एक पान केवढं, खालची रोपं लेन्सच्या जवळ आली की एकच पान अर्धं आकाश झाकतं. कॅमेरा छातीच्या उंचीवर ठेवला आणि आसपासच्या रोपांपासून जागा धरली तर निभतं, पण साग आणि बांबू मिसळलेल्या प्लॉटचा आकडा मी तरी तुलनेपुरताच वापरते, हा प्लॉट त्या प्लॉटपेक्षा दाट एवढंच. खरा आकडा हवा तर जाळीच्या टोपल्या लावून गळलेली पानं गोळा करणं, वाळवणं, वजन करणं ह्याला पर्याय नाही, आणि माकडांना त्या टोपल्यांमध्ये जाम रस असतो, हे पण धरून चाला.

आता तुम्ही म्हणाल, ह्यापेक्षा तयार मशीनच बरं. ओळखीच्या एका संस्थेकडचं ली-कॉर कंपनीचं एलएआय-२२००सी (एलएआय म्हणजे आपला लीफ एरिया इंडेक्सच) मी वापरलंय, तर त्याबद्दल. एक दांडा आहे, टोकाला फिशआयसारखी काच, आत पाच रिंगांचे सेन्सर, साधारण ७, २३, ३८, ५३ आणि ६८ अंशांवर, आणि ४९० नॅनोमीटरच्या खालचाच निळा उजेड तो बघतो. आधी बाहेर उघड्यावर एक रीडिंग, मग आत झाडाखाली, दोघांचा भागाकार आणि आकडा तिथल्या तिथे स्क्रीनवर. एक्स्पोजर नको, थ्रेशोल्ड नको, रात्री लॅपटॉपसमोर बसणं नको. थेट उन्हात वापरायचं असेल तर विखुरलेल्या उजेडाची दुरुस्ती पण देतं. जबरदस्त आहे, मान्य. पण मुंबईत त्याचा गळा कुठे आवळला जातो माहितीये? त्या बाहेरच्या रीडिंगपाशी. सगळ्यात बाहेरची रिंग डोक्यावरून ७४ अंशांपर्यंत बघते, म्हणजे आसपासच्या उंच वस्तूच्या साडेतीन पट लांब उभं राहायला हवं. पंधरा मीटरचं झाड असेल तर पन्नासेक मीटर, ठीक आहे, मैदान शोधू. पण १२० मीटरचा टॉवर असेल तर चारशे मीटरच्या वर! बोरिवली-कांदिवलीच्या बाजूला चारही दिशांना टॉवर नसलेली एवढी मोकळी जागा दाखवा, मी चहा पाजते. मग काचेवर ती काळी टोपी लावून आकाशाचा तेवढाच तुकडा बघायचा आणि शेवटची रिंग हिशोबातून काढून टाकायची, चालतं तसं, फक्त कोणी विचारलं की दाखवायला फोटो नाही. हा फोटोचा मुद्दा मला मोठा वाटतो, परीक्षकाने शंका काढली तर फोटो परत तपासता येतो, रीडिंग कसं तपासणार?

सेप्टोमीटर पण बऱ्याच कॉलेजात पडलेला असतो, अॅक्युपार एलपी-८० वगैरे, पानांखाली पोचणारा उजेड मोजणारी लांब पट्टी आणि तिच्यावर ८० सेन्सर. भाताच्या खाचरात त्याच्यासारखं काही नाही, पट्टी आडवी सरकवली की झालं. जंगलात मात्र जमिनीवर उन्हाचे कवडसे नाचत असतात आणि पट्टी जेमतेम पाऊण-एक मीटर, कवडसा पट्टीवर पडला तर एक आकडा, शेजारी पडला तर दुसरा. घरात आहे म्हणून वापरायचा असेल तर एका जागी खूप रीडिंग घ्या आणि बाहेर दुसरा सेन्सर त्याच वेळी चालू ठेवा, नाहीतर नको.

आणि मोबाइलवर चिमट्याने लावायची ती फिशआय, सीएसटीच्या बाजूला मोबाइलच्या गल्ल्यांत मिळते, दोन वडापाव-चहाच्या पैशांत. डब्यावर १८० अंश लिहिलेलं असतं, ते मनावर घेऊ नका, कडेला धूसर, जांभळी किनार, सगळं आहे. पण गंमत अशी की आपला ५७.५ अंशांचा पट्टा कडेला नसतोच, बराच आत असतो, म्हणून कडा कापून टाकली तर वर्गात शिकवायला ही लेन्स मस्त. एसवाय-टीवायच्या मुलांना मी हीच देते. लेन्सही नको असेल तर फोन नुसता तिरका धरायचा आणि त्याच कोनात फोटो घ्यायचा ही युक्ती पण आहे, मिलानच्या युनिव्हर्सिटीत पॉकेट एलएआय नावाचं अॅप त्यावरच केलं होतं, भातासाठी, फोनमधला कल मोजणारा सेन्सर ५७.५ आला की फोटो घेतो. पेपरात छापायला मात्र ह्यातलं काही देऊ नका.

सॅटेलाइटवरून हा आकडा आयता मिळतो, नासाच्या मोडिस सेन्सरचा २००० पासूनचा आहे, पण त्याचा एक पिक्सेल ५०० मीटरचा, आपल्या पार्काच्या कडेला अशा पिक्सेलमध्ये अर्धं जंगल आणि अर्धी सोसायटी येते. युरोपच्या सेंटिनेल सॅटेलाइटचा बारीक आहे, तो जमिनीवर ताडून बघायलाच तर हे सगळं चाललंय.

भाड्याचं शेवटचं. डिपॉझिट मागतात, आधार कार्डाची कॉपी मागतात, कॉलेजचं पत्र दाखवलं तर त्याचा काही उपयोग होत नाही, पण फोनवर आधी विचारून ठेवलं तर दिवसाच्या भाड्यात थोडं कमी करतात. घेताना पुढच्या काचेवर टॉर्च मारून ओरखडे बघा आणि असतील तर त्यांच्यासमोरच फोटो काढून ठेवा, परत करताना वाद नको. परत देताना काउंटरवरचा तो मुलगा मला विचारत होता की किती निघाली पानं, मी आकडा सांगितला तर म्हणाला, "बस, एवढीच?" लग्नसराईत डिसेंबर-फेब्रुवारीत ही लेन्स हाताला लागत नाही आणि भाव पण वर असतो. जुलैमध्ये बाहेरची शूटिंग बंद असतात, सामान दुकानात पडून असतं, तेव्हा फोन करा आणि सर्क्युलर आहे का ते दोनदा विचारा.